आधी अक्षर, मग शिरोरेघ : कॉलेजच्या वर्षांत खोल आणि रुंद कौशल्यं कशी कमवायची

एक कागद घ्या आणि त्यावर ‘काम’ हा शब्द हाताने लिहा. हात काय करतो ते बघा. बहुतेकांच्या हातून आधी क उतरतो, मग काना, मग म. तिन्ही उभे राहिले की वरून एक रेघ ओढली जाते आणि सुट्या अक्षरांचा शब्द होतो. खाली काहीच न लिहिता नुसती शिरोरेघ ओढली तर कागदावर वाचण्यासारखं काही उरत नाही. रेघ न ओढता अक्षरं लिहिली तर ती कशीबशी वाचता येतात, पण शेजारी शेजारी असूनही एकमेकांना धरून राहत नाहीत.

नोकरीच्या जगात याच आकाराला इंग्रजी ‘टी’ अक्षराचं नाव मिळालं आहे. डेव्हिड गेस्ट यांनी १९९१ साली ‘द इंडिपेंडंट’ या ब्रिटिश वृत्तपत्रात संगणक क्षेत्राला हव्या असलेल्या माणसांबद्दल लिहिताना ‘टी-आकाराची माणसं’ असा शब्दप्रयोग केला. पुढे ‘आयडिओ’ या डिझाइन कंपनीच्या टिम ब्राउन यांनी तो जगभर पोचवला. उभी दांडी म्हणजे एका विषयातली खोली, आडवी दांडी म्हणजे इतर विषयांशी जोडून घेण्याची रुंदी. मला मात्र काना आणि शिरोरेघ हेच चित्र जास्त उपयोगी वाटतं. शिरोरेघ अक्षरानंतर येते, आणि ती शेजारच्या अक्षराला धरून ठेवते, हे ‘टी’कडे पाहून कळत नाही.

मी पदवीच्या मुलांच्या प्रोजेक्टना मार्गदर्शन करते. पहिल्या वर्षाची मुलं दरवर्षी एकच प्रश्न घेऊन येतात : ‘मॅडम, एकाच विषयात खोल जाऊ, की चार-पाच गोष्टी शिकून ठेवू?’ कुठून सुरुवात करायची हे अजिबात माहीत नसलेल्यांसाठी हा लेख आहे. वर्ष कोणतंही असो, क्रम हाच ठेवा.

आधी हे समजून घ्या : काम बदलतं म्हणजे काय होतं

काम बदलतं म्हणजे एका सकाळी नोकरी नाहीशी होते, अशी धास्ती अनेकांच्या मनात असते. प्रत्यक्षात पुष्कळदा पदाचं नाव तेच राहतं आणि आतलं काम पालटतं.

बँकेतल्या कॅशियरचं उदाहरण घ्या. लंडनच्या एनफिल्ड भागात बार्कलेज बँकेने १९६७ साली पैसे देणारं यंत्र बसवलं. पुढच्या काही दशकांत अशी यंत्रं सगळीकडे पसरली. आता नोटा मोजायला माणूस कशाला लागेल, असंच कुणालाही वाटलं असतं. अर्थतज्ज्ञ जेम्स बेसन यांनी अमेरिकेतली आकडेवारी पाहिली तेव्हा वेगळंच दिसलं. १९८८ साली शहरातल्या एका शाखेत सरासरी २० कॅशियर असत, २००४ पर्यंत ते १३ वर आले. पण कमी माणसांत शाखा चालू लागल्यामुळे शाखा उघडणं स्वस्त झालं, शाखांची संख्या वाढली आणि त्या काळात एकूण कॅशियर काही कमी झाले नाहीत. त्यांचं काम मात्र बदललं. नोटा मोजणं मागे पडलं आणि समोरच्या ग्राहकाची अडचण ऐकून त्याला कर्ज, ठेव, खातं यांतलं काय सोयीचं पडेल हे सांगणं पुढे आलं. ज्याला फक्त वेगाने मोजता येत होतं त्याची पंचाईत झाली. ज्याला बँकेचा व्यवहार आतून कळत होता आणि माणसाशी बोलताही येत होतं, तो टिकला.

वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमच्या २०२५ च्या अहवालात नोकरी देणाऱ्यांनी असा अंदाज दिला आहे की २०३० पर्यंत कामाला लागणाऱ्या मुख्य कौशल्यांपैकी सुमारे ३९ टक्के बदलतील किंवा कालबाह्य होतील. हा अंदाज आहे, तो तसाच घ्या. पण उरलेल्या ६१ टक्क्यांकडेही बघा. आज मन लावून शिकलेलं बरंचसं उद्याही उपयोगी पडणार आहे, म्हणून खोल शिकण्यात धोका आहे असं समजू नका.

पहिली पायरी : एक काना निवडा

इथे मुलं सगळ्यात जास्त अडखळतात, कारण त्यांना वाटतं हा आयुष्यभराचा निर्णय आहे. तो तसा नाही. दीड-दोन वर्षं ज्याच्यामागे नेटाने लागता येईल असा एक भाग निवडायचा आहे, एवढंच. विषयाचं नाव पुरत नाही. ‘रसायनशास्त्र’ हा काना होत नाही, ‘पाण्याच्या नमुन्यांचं पृथक्करण’ होतो. ‘मराठी’ होत नाही, ‘किचकट मजकूर सोपा करून लिहिणं’ होतो. ‘कॉम्प्युटर’ होत नाही, ‘डेटाबेस नीट मांडणं आणि त्यातून उत्तरं काढणं’ होतो. वाक्यात क्रियापद आलं पाहिजे. आपण काय करू शकतो हे सांगता आलं, तरच त्याचा सराव करता येतो.

‘तुला काय आवडतं?’ असं मी मुलांना फारसं विचारत नाही. अठराव्या वर्षी आवड ही बहुतेक वेळा शाळेत कोणता विषय कुणी छान शिकवला यावर ठरलेली असते. त्याऐवजी तीन गोष्टी तपासायला सांगते. या कामात चूक झाली तर ती दिसते का? (जिथे चूक दिसतच नाही तिथे सुधारणा होणं फार अवघड असतं.) तेच काम तिसऱ्यांदा करायला लागलं तर जिवावर येतं, की थोडी उत्सुकता उरते? आणि तुमच्या आसपास असं कुणी आहे का, जे तुमचं काम बघून ‘इथे चुकलं’ असं सांगू शकेल?

दोन भागांत मन अडकलं असेल तर विचार करत बसू नका. प्रत्येकाला एक-एक आठवडा द्या आणि त्यातलं एक छोटं काम शेवटपर्यंत नेऊन बघा. चौदाव्या दिवशी कौल बहुतेक आपोआप लागलेला असतो.

दुसरी पायरी : खोल जाणं म्हणजे काय, ते करून बघा

विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ साली बुद्धिबळपटूंवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. खऱ्या डावातली मांडणी पाच सेकंद दाखवायची, झाकायची आणि आठवून पुन्हा मांडायला सांगायची. निष्णात खेळाडूने नवख्यापेक्षा कितीतरी जास्त मोहरे बरोबर मांडले. मग तेच मोहरे पटावर कसेही, डावात कधी येणार नाहीत असे ठेवले. आता निष्णात आणि नवखा जवळजवळ एका पातळीवर आले. म्हणजे निष्णाताची स्मरणशक्ती अफाट नव्हती. हजारो डावांतून त्याच्या डोळ्यांना आकृत्या ओळखायची सवय लागली होती, आणि ती सवय त्याच पटापुरती होती.

यातून दोन गोष्टी घ्या. खोली ही वारंवार केलेल्या कामातून साचते, हुशारीतून आपसूक येत नाही. आणि एका विषयातली खोली दुसऱ्या विषयात फुकट मिळत नाही. हे दुसरं तर १९०१ सालीच एडवर्ड थॉर्नडाइक आणि रॉबर्ट वुडवर्थ यांनी दाखवून दिलं होतं : एका प्रकारच्या कामाचा सराव दुसऱ्याला तेवढाच उपयोगी पडतो, जेवढं त्या दोन कामांत प्रत्यक्ष साम्य असतं. ‘चिकित्सक विचार शिका’ असा वेगळा कोर्स करून कुठेही चिकित्सक विचार करता येत नाही, तो याचमुळे. आधी कुठल्या तरी एका मातीत खणावंच लागतं.

आठवड्याची पद्धत साधी ठेवा. चार दिवस, रोज एक तास. तासाची सुरुवात पुस्तक मिटून करायची. काल जे वाचलं, केलं ते कोऱ्या कागदावर आठवून लिहायचं, मगच पुस्तक उघडायचं. हे जड जातं आणि काहीच येत नाही असं वाटतं, पण तरी चिकाटीने करा. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात मजकूर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत जास्त आठवलं, पण आठवड्यानंतरच्या चाचणीत आठवून लिहिण्याचा सराव केलेले विद्यार्थी पुढे गेले. परीक्षेच्या आदल्या रात्री वाचलेलं नोकरीच्या पहिल्या महिन्यात का आठवत नाही, त्याचं उत्तर इथेच आहे.

यासोबत एक चुकांची वही ठेवा. माझ्या मते या लेखातली सगळ्यात महत्त्वाची सूचना ही आहे, म्हणून एक पान उघडून दाखवते. संख्याशास्त्र शिकणाऱ्या मुलीने ग्रंथालयात नऊ जण किती वेळ बसले याची नोंद घेतली. मिनिटांत आकडे असे : १५, २०, २०, २५, २५, ३०, ३५, ३००, ३६०. तिने लिहिलं, ‘विद्यार्थी सरासरी ९२ मिनिटं बसतात.’ बेरीज ८३०, भागिले ९, हिशोब अगदी बरोबर. पण पुन्हा यादी बघा. ९२ मिनिटांच्या जवळपास बसलेला एकही जण त्यात नाही. सात जण ३५ मिनिटांच्या आत उठले, दोघं पाच-सहा तास बसले. मधला आकडा, म्हणजे मध्यक, २५ आहे.

वहीत तिने चार ओळी लिहिल्या : काय केलं, काय चुकलं, तेव्हा मला ते बरोबर का वाटलं, पुढच्या वेळी आधी काय तपासीन. तिसरी ओळ बहुतेक जण गाळतात, आणि तीच सगळ्यात कामाची असते. तिने लिहिलं होतं : ‘सूत्र येत होतं म्हणून आकड्यांकडे पाहिलंच नाही.’ चौथ्या ओळीत होतं : ‘आधी आकडे चढत्या क्रमाने लावून नुसते बघायचे.’ अशा पन्नास नोंदी झाल्या की खोली म्हणजे काय ते मला समजावून सांगावं लागणार नाही.

तिसरी पायरी : शेजारी ओळखा

आता शिरोरेघ. इथे मुलं प्रमाणपत्रांच्या मागे लागतात. शनिवार-रविवारी एक कोर्स, सुट्टीत आणखी दोन, बायोडाटात अकरा ओळी. त्यातल्या कुठल्याही एकावर ‘यात तू कुठे अडकलास आणि कसा सुटलास?’ असं विचारलं की मुलगा गप्प होतो. मला त्याचं वाईट वाटतं, कारण त्याने वेळ आणि कष्ट दोन्ही मनापासून घातलेले असतात.

शिरोरेघ शेजारच्या अक्षरापर्यंत पोचायला हवी. म्हणून आधी शेजारी शोधा. तुमचं काम तुमच्या हातून निघालं की कुणाच्या हातात जातं? आणि तुमच्यापर्यंत ते कुणाकडून येतं? हे दोघं तुमचे शेजारी. पाण्याचे नमुने तपासणाऱ्याच्या अलीकडे नमुने गोळा करणारा असतो आणि पलीकडे त्या अहवालावरून निर्णय घेणारा अधिकारी. मजकूर सोपा करणाऱ्याच्या अलीकडे तज्ज्ञ असतो, पलीकडे वाचक आणि पानाची मांडणी करणारा. सुरुवातीला दोनच शेजारी धरा.

शेजाऱ्याचा विषय तुम्हाला त्याच्याइतका यायची गरज नाही. तीन गोष्टी कळल्या की पहिल्या फेरीपुरतं पुरे. एक, त्याच्या कामातले दहा-बारा शब्द, तो ज्या अर्थाने वापरतो त्या अर्थाने. दोन, त्याला कुठली चूक परवडत नाही. तीन, तुमच्याकडून त्याला नेमकं काय, कोणत्या स्वरूपात हवं असतं.

शब्दांचं किरकोळ वाटतं, पण भांडणं तिथेच होतात. ‘मॉडेल’ म्हटलं की संख्याशास्त्रवाल्याच्या डोळ्यांपुढे समीकरण येतं, वास्तुरचनाकाराच्या पुट्ठ्याची छोटी इमारत, आणि जीवशास्त्रवाल्याच्या कदाचित उंदीर. ‘कल्चर’ म्हणजे समाजशास्त्रात एक आणि सूक्ष्मजीवांच्या प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वाढवलेलं भलतंच. बैठकीत सगळे माना डोलावतात आणि प्रत्येकजण वेगळं समजून घरी जातो.

याची किंमत किती मोठी असू शकते हे १९९९ साली जगाने पाहिलं. नासाचं ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान २३ सप्टेंबरला मंगळाजवळ पोचलं आणि कायमचं हरवलं. चौकशीत निघालं ते असं : जमिनीवरच्या एका सॉफ्टवेअरने यानाच्या छोट्या इंजिनांनी दिलेला रेटा पाउंड-सेकंद या एककात लिहिला होता आणि पुढच्या गटाने तो न्यूटन-सेकंद समजून वाचला. दोन्हींत साधारण साडेचार पटींचा फरक. यान ठरल्यापेक्षा खूपच खालून मंगळाच्या वातावरणात शिरलं. दोन्हीकडची माणसं आपापल्या विषयात तरबेज होती, त्यांच्या कामाची खोली कमी नव्हती. दोन कामांच्या मधल्या सांध्याकडे पुरेसं लक्ष गेलं नाही. ‘हा आकडा कुठल्या एककात आहे?’ हा प्रश्न कुठलाही पहिल्या वर्षाचा विद्यार्थी विचारू शकतो. शिरोरेघ म्हणजे असे प्रश्न विचारायची सवय.

मग हे शिकायचं कसं? शेजारच्या विभागातल्या एखाद्याबरोबर अर्धा दिवस बसा आणि त्याचं काम बघा. बोलू नका, टिपणं काढा. शेवटी पंधरा मिनिटं मागून घ्या आणि विचारा : ‘आमच्यासारख्यांकडून आलेल्या कामात तुम्हाला कशाचा सगळ्यात जास्त त्रास होतो?’ या प्रश्नाचं उत्तर माणसं भरभरून देतात. एका प्रश्नातून जे हाती लागतं ते चाळीस तासांच्या व्हिडिओंतून लागत नाही, असा माझा अनुभव आहे.

कुठल्याही शेजाऱ्याकडे जायला लागणारी काही साधनं सगळ्यांसाठी सारखीच आहेत : एक पान स्वच्छ लिहिता येणं, स्प्रेडशीटमध्ये माहिती मांडून तिच्याकडून साधं उत्तर काढता येणं, पाच मिनिटं न वाचता बोलता येणं, आणि समोरचा बोलत असताना मध्ये न तोडता ऐकता येणं. यांतलं लिहिणं आधी घ्या. आपल्या कामाबद्दल दर आठवड्याला एक पान, त्या विषयातलं काहीच माहीत नसलेल्या माणसासाठी. ते घरातल्या कुणाला तरी वाचायला द्या आणि कुठे थांबावं लागलं तिथे पेन्सिलीने खूण करायला सांगा. खुणा कमी होत गेल्या की समजा जमतंय.

चौथी पायरी : एक खरं काम, तीन विषयांची माणसं, बारा आठवडे

आत्तापर्यंतची तयारी इथे कसाला लागते. वर्षातून निदान एकदा असं काम करा, ज्यात वेगवेगळ्या विषयांची तीन माणसं आहेत आणि ज्याचं उत्तर कुणाला तरी खरोखर हवं आहे. मार्क मिळतात म्हणून केलेला प्रोजेक्ट आणि कुणीतरी वाट बघत असलेलं काम यांत फार अंतर असतं.

ग्रंथालयाचंच उदाहरण पुढे नेते. संख्याशास्त्राची मुलगी ‘मध्यक २५ मिनिटं’ हे उत्तर घेऊन ग्रंथपालांकडे गेली. तिला वाटलं आता काम झालं. ग्रंथपाल म्हणाले, ‘छान आहे. पण मी टेबलं वाढवू की नको?’ ती थबकली. २५ आणि ९२, दोन्ही आकडे त्या प्रश्नाचं उत्तर देत नव्हते. टेबलं पुरतात का हे सगळ्यात गर्दीच्या वेळी एकदम किती जण बसलेले असतात यावर ठरतं, माणूस किती वेळ बसतो यावर एकट्याने ठरत नाही. आणि दिवसभर बसणारे ते दोघं, ज्यांना तिने वेगळे म्हणून बाजूला ठेवलं होतं, तेच टेबलांच्या हिशोबात सगळ्यात महत्त्वाचे निघाले, कारण दोन खुर्च्या दिवसभर त्यांच्याकडेच होत्या. पुन्हा नोंदी घ्याव्या लागल्या, या वेळी दर अर्ध्या तासाला डोकी मोजून. तिच्या गटातल्या कॉम्प्युटरच्या मुलाने नोंदीचा फॉर्म बनवला, मानसशास्त्राच्या मुलीने बसणाऱ्यांशी बोलून पाहिलं. तिला कळलं की काही जण जागा मिळणार नाही असं धरून येतच नाहीत. म्हणजे डोकी मोजूनही जे दिसणार नव्हतं, ते तिसऱ्या विषयामुळे दिसलं.

अशा गटात एक खोड हमखास होते : ‘तू प्रस्तावना लिही, मी आलेख करतो, ती पीपीटी बनवेल.’ बारा आठवड्यांनी तीन तुकडे स्टेपलरने जोडले जातात आणि कुणालाच दुसऱ्याचं काम सांगता येत नाही. हे टाळायला मी तीन नियम घालून देते.

पहिल्या आठवड्यात प्रश्न एका वाक्यात लिहून ज्याला उत्तर हवं आहे त्याच्याकडून मान्य करून घ्यायचा. त्याने ‘हो, मला हेच हवंय’ म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही.

चौथ्या आणि आठव्या आठवड्यात प्रत्येकाने दुसऱ्याचं काम त्याच्यासमोर समजावून सांगायचं. ज्याचं काम आहे त्याने मध्ये बोलायचं नाही, चुका फक्त टिपायच्या. या दोन बैठका सुरुवातीला अवघडल्यासारख्या वाटतात, पण शिरोरेघ खरी तिथेच ओढली जाते.

आणि मतभेद झाला तर मतदान करायचं नाही. कोणती माहिती मिळाली तर माझं मत बदलेल, हे प्रत्येकाने लिहायचं आणि ती माहिती आणायची.

शेवटी आलेलं उत्तर ‘टेबलं वाढवू नका’ असं निघालं तरी चालेल. काम फसलं तरी चालेल. काय माहीत नव्हतं म्हणून फसलं, ते चुकांच्या वहीत नीट लिहिलं म्हणजे झालं.

एआयचं काय?

हा प्रश्न आता प्रत्येक मूल विचारतं आणि त्यामागची भीती खरी आहे. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला लोकांसाठी खुलं झालं, म्हणजे आज कॉलेजात असलेल्या अनेकांचं बरंच शिक्षण त्याच्या सोबतीने झालेलं आहे.

माझा नियम असा : शिरोरेघेसाठी ते आधी वापरा, कान्यासाठी नंतर. शेजारच्या विषयातले शब्द समजून घ्यायला, ‘या क्षेत्रातली माणसं कशाची काळजी करतात’ याचा पहिला अंदाज घ्यायला, भेटीला जाण्याआधी प्रश्न तयार करायला ही साधनं फार सोयीची आहेत. तिथे थोडी चूक झाली तर शेजारी ती दुरुस्त करतो. तुमच्या स्वतःच्या विषयात मात्र आधी आपला प्रयत्न कागदावर उतरवा, मग त्याला विचारा, मग दोन्ही शेजारी ठेवून फरक तपासा. उलट केलंत तर उत्तर हातात असतं, पण ते बरोबर आहे का हे ओळखणारी नजर तयारच होत नाही. या साधनांची चुकीची उत्तरंही तितक्याच आत्मविश्वासाने आणि तितक्याच सफाईदार भाषेत येतात. ‘सरासरी ९२ मिनिटं’ हे वाक्य यंत्राने लिहून दिलं असतं तरी हिशोबात चूक निघाली नसती. ती यादी चढत्या क्रमाने लावून बघायचं कुणाला सुचतं, प्रश्न तेवढाच आहे.

पाचवी पायरी : केलेलं काम दिसेल असं मांडा

बायोडाटातल्या या दोन ओळी बघा.

‘डेटा ॲनालिसिस, टीमवर्क आणि संवादकौशल्यात प्रवीण.’

‘ग्रंथालयातील जागेच्या वापराचा तीन विषयांच्या गटाने अभ्यास, पहिली मोजणी प्रश्नाला लागू नसल्याचं लक्षात आल्यावर दर अर्ध्या तासाची नवी मोजणी आखली.’

पहिली ओळ कुणीही लिहू शकतं. दुसरी वाचून मुलाखत घेणारा विचारतो, ‘लागू नव्हती म्हणजे काय?’ आणि इथून पुढची दहा मिनिटं तुमची असतात. अशा तीन ओळी तयार झाल्या की बाकीचा बायोडाटा छोटा असला तरी चालतो. मुलाखतीत कामातला अडथळा लपवू नका. काय चुकलं, कसं कळलं, मग काय केलं, या क्रमाने सांगा. चुकांच्या वहीत ते आधीच लिहिलेलं आहे.

ओळखींबद्दलही एक सांगते, कारण गरीब घरातल्या किंवा घरात पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलांना वाटतं की आपल्याला कुणी ‘वरचं’ ओळखत नाही. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ च्या लेखात, ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना ती सांगणारा माणूस त्यांना किती वेळा भेटत असे, हे मांडलं. फक्त १६.७ टक्के लोकांच्या बाबतीत तो वरचेवर भेटणारा होता. ५५.६ टक्क्यांच्या बाबतीत अधूनमधून, तर २७.८ टक्क्यांच्या बाबतीत क्वचितच भेटणारा. जवळच्या मित्रांना बहुधा तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. नवी बातमी लांबच्या ओळखीतून येते. तिसऱ्या पायरीत तुम्ही ज्यांच्याजवळ अर्धा दिवस बसलात, ती माणसं म्हणजेच या लांबच्या ओळखी. काम संपल्यावर त्यांना निकाल कळवा, दोन ओळींचा का होईना. फार थोडी मुलं हे करतात आणि म्हणून ती लक्षात राहतात.

वेळ कमी असेल तर

शेवटच्या वर्षाला असाल आणि यातलं काहीच केलेलं नसेल, तर पहिली पायरी सोडून द्या. ज्या विषयात सगळ्यात कमी अडखळता तोच काना धरा. चुकांची वही आजपासून सुरू करा, एक शेजारी गाठा, आणि आधीच चालू असलेल्या प्रोजेक्टचा निकाल खरोखर हवा असलेला एक माणूस शोधा. वैद्यकीय किंवा तत्सम अभ्यासक्रमात, जिथे श्वास घ्यायलाही फुरसत नसते, तिथे काना अभ्यासक्रमच देतो. तुम्ही फक्त शेजाऱ्याचा प्रश्न विचारा. नर्सला, प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाला, औषधं देणाऱ्याला : ‘आमच्याकडून आलेल्या कागदात तुम्हाला काय वाचता येत नाही?’

आणि पहिल्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यात, ओळखी-पाळखी झाल्या की, वरिष्ठांना एक विनंती करा : ‘आपल्या विभागात गेल्या वर्षी जे काम फसलं, त्याची फाइल मला वाचायला मिळेल का?’ ती वाचताना वही शेजारी ठेवा, आणि काम नेमकं कुणाच्या हातातून कुणाच्या हातात जाताना बिघडलं तिथे रेघ मारा. पुढचा शेजारी तिथेच बसलेला असतो.